उरेब पट्टीवाल्या काकू

माणूस गेला की त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. काकू अजून आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत, त्यामुळे मला खरं बोलायला हरकत नाही. फार तापदायक बाई. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिवणकाम केलं, राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत. त्या अकरा वर्षांत असा एक आठवडा गेला नाही की मी घरी जाऊन 'उद्यापासून जात नाही' म्हटलं नसेल. माझा नवरा होता तोवर तो म्हणायचा, "मग नको जाऊ." तो गेल्यावर असं म्हणणारंही कुणी उरलं नाही, म्हणून मग जातच राहिले.

काकूंचं सगळं जग एका गोष्टीवर उभं होतं, ती म्हणजे उरेब पट्टी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडाला उभा धागा असतो, आडवा धागा असतो. त्या दोन्हींना सोडून कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं कापलं की जी पट्टी निघते ती उरेब. ती ताणते, वळते, गोल गळ्यावर, बाहीच्या मुंढ्यावर एकही चुणी न पडता बसते. सरळ कापलेली पट्टी तशी बसत नाही. ती अडून राहते, गळा वर उचलते, मानेला टोचते. एवढंच आहे ते. शिवण शिकणाऱ्या मुली हे एका दुपारी शिकतात आणि पुढच्या कामाला लागतात. काकू पासष्टी ओलांडली तरी तिथंच होत्या.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. फॅशन म्हणून नाही, पट्टी दुमडायला. तिरपी कापलेली पट्टी मांडीवर घ्यायची, दोन्ही कडा आत वळवायच्या आणि त्या नखानं अशी घडी मारायची की इस्त्री लाजावी. त्या नखापायी त्या भांडी घासायच्या नाहीत, कणीक मळायच्या नाहीत. घरी आलेल्या पाहुण्याला सरळ सांगायच्या, "पोळ्या शेजारून येतीन, माह्या नखाले काम हाय." पाहुणे हसायचे. काकू हसायच्या नाहीत.

मे महिन्यात अमरावतीत काय असतं ते मी सांगायला नको. खोलीत कूलर होता, चांगला मोठा, खसच्या ताट्या लावलेला. पण उरेब कापायला घेतली की कूलर बंद. "वल्ल्या हवेनं पट्टी लांबते." पंखाही बंद, कारण पट्ट्या उडतात. खाली क्लासमधले सर एसीत बसून पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवायचे आणि वर आम्ही दोघी घामानं निथळत, ओठ मिटून कापड कापायचो. ओठ मिटून, कारण बोललेलंही चालायचं नाही. एकदा मला चक्कर आली. काकूंनी पाणी दिलं, कांदा हुंगवला, आणि मी डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य काय, तर "कात्री कापडावर तं नाई पडली?"

बाजारात तयार पट्टी मिळते, पाकिटात गुंडाळलेली, हव्या त्या रंगाची. सगळं गाव ती वापरतं. आमच्याकडे एक वकीलबाई ब्लाउज शिवायला आल्या, कापडासोबत त्यांनी ते पाकीटही आणलं होतं, बिचाऱ्यांना वाटलं काकूंचे कष्ट वाचतील. काकूंनी कात्रीच्या टोकानं ते पाकीट उचललं, हात लावला नाही, आणि त्यांच्या पिशवीत परत सोडलं. "हे पॉलिस्टर हाय वं बाई. आंग खाते. घाई असन तं रेडिमेड घ्या, तिकडं चौकात लय दुकानं हायेत." वकीलबाई गेल्या त्या परत आल्या नाहीत. मी म्हटलं, "काकू, असं गिऱ्हाईक तोडायचं नसते." तर म्हणाल्या, "मंग तिची मान सोलू द्याची का?"

रस्त्यानं त्यांच्यासोबत चालायची मला लाज वाटायची. राजापेठेच्या चौकात कुणी मुलगी स्कुटी घेऊन सिग्नलला थांबली की काकूंची नजर आधी तिच्या गळ्यावर. "ए पोट्टी, थांब वं. तुह्या गळ्याची पट्टी उभ्या कापडाची हाय. टोचत नाई का तुले?" ती बिचारी आधी घाबरायची, मग मान चाचपायची, मग मागून हॉर्न वाजायला लागायचे. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईची कॉलर उलटून आत बघणं, पंगतीत वाढणाऱ्याच्या बाहीची शिलाई दोन बोटांत धरून पाहणं, हे सगळं मी पाहिलंय. कुणी चिडलं की काकूंना खरोखर आश्चर्य वाटायचं. आपण त्याचं भलं करून राहिलो आणि हा काहून ओरडते, असा चेहरा.

सांध्याचा नियम वेगळाच. एका पट्टीत एकच सांधा चालेल, तोही तिरपा, तोही मागच्या बाजूला डाव्या खांद्याखाली, जिथं केस पडतात. कापड पुरलं नाही आणि दोन सांधे आले, तर ब्लाउज उसवायचं. माझं स्वतःचं, माझ्या अंगात घालायचं ब्लाउज त्यांनी दोन सांध्यांपायी उसवायला लावलं होतं. मी म्हटलं, माझं आहे, मला चालते. "तुले चालते, मले नाई चालत. लोक इचारतीन कोनं शिवलं." कोण विचारणार होतं, बाई? माझ्या ब्लाउजच्या आत डोकावून कोण बघणार होतं? पण उसवलं.

माझा नवरा गेला तेव्हा मी तिवस्याला माहेरी होते. तिसऱ्या दिवशी काकू आल्या. बायका येत होत्या, गळ्यात पडून रडत होत्या, 'देवाची इच्छा' म्हणत होत्या. काकू तसं काही बोलल्या नाहीत. माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या. मग वाकून माझ्या गळ्याकडे पाहिलं, पर्समधून सुईदोरा काढला आणि माझ्या अंगातल्या ब्लाउजची निसटलेली पट्टी तिथंच, सगळ्यांसमोर, टाके घालून बसवून दिली. माझ्या आईला इतका राग आला! बाईला काही रीत कळते का, म्हणाली. मलाही आला होता. पण दोरा दातानं तोडायला त्या माझ्या मानेपाशी आल्या तेव्हा त्यांचा श्वास लागत होता, आणि तो रडणाऱ्या माणसाचा श्वास होता, हे फक्त मला कळलं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. जे येत होतं ते त्या करत होत्या.

हे मी समजून घेतलं. त्यांच्या लेकीनं का समजून घ्यावं?

लेक एकुलती. काकूंचा नवरा शाळेत मास्तर होता, लेक लहान असतानाच गेला, तेव्हापासून या मशीनवर त्यांनी तिला वाढवलं. ती शिकली, अकोल्याला नोकरीला लागली, तिथंच बँकेतल्या एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. जात वेगळी. आमच्याकडे सगळ्यांना अजून वाटतं की मायलेकींचं त्यावरून बिनसलं. खोटं आहे. काकूंनी त्या मुलाला एकदा पाहिलं, त्याच्या शर्टाच्या कॉलरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोट्टा साफसुतरा हाय. कर." इतक्या सोप्या आईचं मुलीला कौतुक होतं तेव्हा.

लग्नाच्या दिवशी मी नवरीच्या खोलीतच होते. लेक शालू नेसून बसली होती, केसात गजरा, सासरकडच्या चार-पाच बायका भोवती. ब्लाउज अकोल्याच्या एका बुटिकमधून शिवून आणलेलं. काकू आत आल्या. मला वाटलं डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी लेकीच्या गळ्यात अंगठा घातला आणि काठ उलटा केला.

"हे पाकिटातली पट्टी हाय."

"आई, आजच्या दिवस राहू दे."

"दिवसभर आंगात राहीन तुह्या. होमापाशी बसा लागते. टोचन."

"आई, राहू दे म्हणते ना मी."

"पाच मिनिटं लागतीन." आणि पर्समधून छोटी कात्री काढली. स्वतःच्या लेकीच्या लग्नात ही बाई पर्समध्ये कात्री आणि उरेब पट्टी घेऊन आली होती. कुणाला काही कळायच्या आत चार टाके उसवलेही. लेक उठायला गेली तर काकू म्हणाल्या, हलू नको, लागन. सासरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अर्धा गळा उसवून झाला आणि काकूंच्या लक्षात आलं की या रंगाचा दोरा आणलेला नाही. बाहेरून नवरीला बोलवा, नवरीला बोलवा असा ओरडा सुरू झाला. मी खोलीभर फिरून सेफ्टी पिना गोळा केल्या. लेक गळ्याला चार पिना लावून, पदर मानेभोवती गुंडाळून बोहल्यावर गेली. सगळ्या फोटोंत ती तशीच आहे, थंडी वाजल्यासारखी. पाठवणीच्या वेळी मला मिठी मारली, मावशीला मारली, शेजारणीला मारली. आईसमोरून गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली.

त्यानंतर सहा वर्षं मायलेकी बोलल्या नाहीत. काकू कधी काही म्हणाल्याच तर एवढंच, "पट्टी खराबच होती." पहिल्या वर्षी हे वाक्य त्या जोरात म्हणायच्या. शेवटी शेवटी नुसतं पुटपुटायच्या, मशीनच्या आवाजात ऐकू येईल न येईल असं.

मागच्या जूनमध्ये जावयाचा मला फोन आला. मुलगी झाली, बाराव्या दिवशी बारसं, ताई तुम्ही या. थोडा वेळ थांबून म्हणाला, "आईंना कळवा, एवढं करा. बोलवायचं का नाही ते तिला विचारायची माझी हिंमत होत नाही." मी काकूंना सांगितलं. त्यांचं मशीन चालू होतं, ते चालूच राहिलं. बाही पूर्ण जोडून झाली, मग थांबलं. "बाळ-बाळंतीन बरी हायेत?" मी हो म्हटलं. त्या उठल्या आणि पलंगाखालची पेटी ओढली.

आमच्यात मूल व्हायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. पण काकूंनी कापड ठरवून ठेवलं होतं, हे उघड होतं. पेटीच्या तळातून त्यांनी वांगी रंगाचा, धुऊन धुऊन विटलेला एक तुकडा काढला, दीड हात लांब असेल. त्यांच्या आईचं लुगडं होतं ते, बार्शीटाकळीचं. बाकीचं लुगडं कधीच गोधड्यांत गेलं होतं. लेक लहानपणी सुट्टीत आजीकडे राहायची, याच लुगड्याला बिलगून झोपायची. पांढऱ्या मलमलीचं झबलं करायचं, आणि गळ्याला, मुंढ्यांना, खालच्या घेराला आजीच्या लुगड्याची उरेब. "झबलं पाह्यलं का तिले समजन," काकू म्हणाल्या. काय समजेल ते म्हणाल्या नाहीत. मला कळलं. या बाईला क्षमा मागता येत नव्हती, म्हणून ती झबलं शिवणार होती.

आता माझं सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. जून म्हणजे शाळांचे गणवेश. महिनाभर मी मुलींची ट्युनिकं शिवत होते. कंबरपट्टे कापायचे, चार बोटं रुंद, सरळ, आडव्या धाग्यावर, गठ्ठेच्या गठ्ठे. रात्री डोळे मिटले तरी कंबरपट्टे दिसायचे. आणि काकूंचा उजवा हात हिवाळ्यापासून बधिर व्हायला लागला होता. मुंग्या यायच्या. त्या कुणाला सांगत नव्हत्या, पण कात्री हातातून पडायला लागली होती, ते मला दिसत होतं. त्या दुपारी त्यांनी लुगड्याचा तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "तू काप." अकरा वर्षांत घरच्या कामाची उरेब त्यांनी कुणाला कापू दिली नव्हती. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. मी इतकी थकले होते की मला फक्त अजून एक काम दिसलं.

त्या आत जाऊन आडव्या झाल्या. कूलर बंदच. मी खडू घेतला, मोजपट्टी लावली, रेघा मारल्या आणि कापलं. पाच तुकडे सरसर निघाले. शेवटचा हातात धरून सवयीनं ताणून पाहिला तर तो ताणेचना. मी कंबरपट्टे कापले होते. चार बोटं रुंद, सरळ, आडव्या धाग्यावर. डोकं झोपलेलं होतं आणि हात कामाला लागले होते. जगात दुसरीकडे कुठं मिळणार नाही असं ते कापड, आणि मी त्याचे ट्युनिकचे पट्टे करून ठेवले होते.

काकू उठून आल्या. त्यांनी एक पट्टा उचलला, दोन्ही टोकं धरून ओढला, खाली ठेवला. दुसरा उचलला, ओढला, खाली ठेवला. पाचही. यापेक्षा कितीतरी लहान चुकांसाठी या बाईनं माझा उद्धार केलेला होता. मी खाली मान घालून वाट पाहत राहिले.

"जेवली का वं तू सकाळपासून?"

मी नाही म्हटलं आणि रडायला लागले. त्यांनी डब्यातली पोळी काढून माझ्यापुढे ठेवली, वर तिखट आणि तेल घातलं. मी खात होते तेव्हा त्या त्या पट्ट्यांकडे बघत बसल्या होत्या. मग कात्री डाव्या हातात घेतली आणि एक पट्टा तिरपा कापला. त्याच्या शेजारी पुन्हा तिरपा. सरळ पट्ट्याचे असे तिरपे तिरपे तुकडे केले, बोटभर लांबीचे. ते टोकाला टोक जोडत गेलं की त्यांची मिळून एक उरेब पट्टी होते. होते खरी, पण दर बोटाला एक सांधा. मशीनवर जोडले तर जाड होईल म्हणून सगळे हातानं, बारीक टाक्यांनी. ज्या हातातून कात्री पडत होती त्या हातानं त्यांनी तीन दिवस ते सांधे घातले. मी करते म्हटलं तर म्हणाल्या, "तू ट्युनिकं कर. पोट्ट्यांची शाळा सुरू होते." रागानं नाही. साधं.

बारशाच्या आदल्या दिवशी मी झबलं घेऊन एसटीनं अकोल्याला गेले. काकू म्हणाल्या, "मी आली तं तिचं दूध आटन. तूच जा. काई बोलू नको, नुसतं हातात देजो."

लेकीचं घर एका गल्लीत, बैठं, समोर छोटंसं फाटक. तिनं मला पाहून पाणी दिलं, बाळ दाखवलं. गोरंपान, मुठी आवळलेलं. मी पिशवी हातात दिली. तिनं झबलं काढलं आणि ताबडतोब काठ उलटा केला. अखेर आईचीच मुलगी. गळ्यावरून तिचं बोट फिरायला लागलं. एक सांधा, दोन, तीन, चार. तिचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला.

"हे चिंध्या जोडून केलंय, ताई."

तिनं झबलं परत पिशवीत कोंबलं.

"तिच्याकडे सांधा चालत नाही. माझ्या परकराला दोन सांधे आले तर परकर फाडायची ती. आणि माझ्या मुलीला हे? कुणा शिकाऊ मुलीकडून करून घेतलं असेल. परत न्या."

मी पिशवी घेतली. खरं सांगते, घेतली आणि निघाले. पाय दुखत होते, परतीची गाडी गाठायची होती, आणि मनात एकच, सुटले बाई एकदाची. गल्लीच्या तोंडाशी ऑटोवाला उभा होता. त्याला स्टँड म्हटलं, एक पाय आत ठेवला आणि मला रडूच कोसळलं, भर रस्त्यात. काकूंनी तीन दिवस सुई कशी धरली होती ते डोळ्यांपुढून जाईना. ऑटोवाला म्हणाला, "मावशी, बसता का जाऊ?" मी म्हटलं, जा.

परत गेले आणि फाटकातूनच सगळं ओकून टाकलं. लुगडं कुणाचं, कापलं कुणी, चुकलं कोण, कंबरपट्टे, काकूंचा बधिर हात, सगळं. ती दाराला टेकून ऐकत होती. मला वाटलं आता रडेल, झबलं छातीशी धरेल. तसं काही झालं नाही. उलट तिचा आवाज चढला.

"म्हणजे तुम्ही तिचं सगळ्यात जपलेलं कापड बिघडवलं, तर ती तुम्हाला एक शब्द बोलली नाही?"

"नाही."

"जेवू घातलं?"

"हो."

"आणि माझं काय चुकलं होतं, ताई? लग्नाच्या पंधरा दिवस आधी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सुईत दोरासुद्धा ओवू नका म्हटलं होतं. म्हणून मी ब्लाउज बाहेर शिवायला दिलं. तिला एक दिवस खुर्चीवर बसून माझं लग्न बघता यावं म्हणून. तुमची चूक होती, ती तिनं बसून नीट केली. माझी चूक नव्हतीच, आणि मला तिनं चारचौघात उसवलं. सांगा तिला हे. असंच्या असं सांगा."

झबलं मात्र तिनं माझ्या हातातून घेतलं. दार लावलं.

संध्याकाळी मी राजापेठेत पोचले तेव्हा काकू दिवा न लावता बसल्या होत्या. मी बटण दाबलं आणि असंच्या असं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मला गोड करून सांगता आलं असतं, पण मी दमले होते, आणि खोटं बोलायलाही ताकद लागते.

"ऑपरेशन," काकू म्हणाल्या. "मी तं इसरलीच होती. तिनं मले तवा सांगतलं काहून नाई?"

"तुमी सांगू देलं का तिले?" अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. "हातात कात्री होती तुमच्या, काकू. कात्रीवाल्या माणसाशी कोण बोलते?"

बराच वेळ त्या आपले हात उलटेसुलटे करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "सकाळची पहिली गाडी किती वाजता हाय? तू चाल माह्यासंग. मले एकटीले थे दार वाजवता येनार नाई." मी त्याच दिवशी दोनशे किलोमीटरची ये-जा करून आले होते. सकाळी शाळेचे गणवेश न्यायला माणूस येणार होता. मला 'नाही' म्हणायचं होतं, अगदी तोंडाशी आलं होतं. सहाची आहे, म्हटलं.

गाडीत बडनेऱ्यापासून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पुढच्या सीटवर एक नवी नवरी बसली होती, तिच्या गळ्याची पट्टी चांगली बोटभर वर उचललेली. मी मुद्दाम काकूंकडे बघितलं. त्यांचं लक्षच नव्हतं. ओठ हलत होते. वाक्य तयार करत असाव्यात, पुन्हा मोडत असाव्यात. मूर्तिजापूरला मी चहा आणला तो त्यांनी हातातच थंड केला.

फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत मांडवाचं कापड बांधणं चालू होतं. कडी मीच वाजवली. लेकीनं दार उघडलं, बाळ खांद्यावर. आईला पाहून ती जागची हलली नाही, बाजूलाही झाली नाही. काकूंनी बाळाकडे पाहिलं नाही, लेकीच्या गळ्याकडेही पाहिलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत, गाडीत तयार केलेलं सगळं विसरून त्या म्हणाल्या, "तुह्या लग्नात मी माय व्हाले पाह्यजे होती, बाप्पा. मी टेलरच राह्यली."

मांडववाल्यांचा हातोडा थांबला, त्यांनाही काहीतरी कळलं असावं. बाळ कुरकुरलं, लेकीनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आईच्या पायांकडे बघत म्हणाली,

"चप्पल आत काढ. इथं कुत्रे नेतात."

काकूंनी वाकून दोन्ही चपला हातात घेतल्या आणि आत गेल्या. मला आत ये म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी बाहेरच्या पायरीवर बसले आणि पाय लांब केले.